घरच्या घरी ग्रॅनोला : गोड बेताचे, वाटी मोजकी

सकाळच्या घाईत मुले उपाशीपोटी शाळेत जातात, मोठी माणसे चहा आणि खारी-टोस्टवर भागवतात. अशा वेळी दुकानात पाकिटातून मिळणारा ग्रॅनोला न्याहारीला दिला तर चालेल का, तो घरी करता येतो का, अशी विचारणा या सदराच्या वाचकांकडून वरचेवर होत असते. माझ्याकडे येणाऱ्या काही मधुमेही रुग्णांनीही हाच प्रश्न विचारला. म्हणून आजचा लेख या एकाच पदार्थासाठी.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ग्रॅनोला घरी सहज करता येतो, त्याला ओव्हनही लागत नाही आणि बेताने खाल्ला तर त्याची न्याहारी चांगली होते. मात्र नाव आरोग्याचे आहे म्हणून पदार्थ आरोग्याचा होत नाही. त्यात गोड किती, तेल किती आणि आपण वाटी केवढी भरतो, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून आहे. पाकिटातल्या ग्रॅनोलात पहिल्या दोन गोष्टी कारखानदार ठरवतो. घरी केला की तिन्ही आपल्या हाती राहतात.

ग्रॅनोला म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर ग्रॅनोला म्हणजे कोरडा, गोडसर चिवडा. आपल्या चिवड्यात पोहे असतात, यात बहुधा ओट्स असतात. ओट हे थंड हवेतले धान्य. ते वाफवून रुळाखाली दाबून चपटे करतात, म्हणजे एका अर्थी ते ओटचे पोहेच. त्यात दाणे, बदाम, तीळ यांसारखे पदार्थ मिसळायचे, थोडे तेल व मध किंवा गुळाचे पाणी चोळायचे आणि सगळे कुरकुरीत होईपर्यंत भाजायचे. भाजून गार झाल्यावर सुका मेवा घालायचा. दुधात किंवा दह्यात कालवून खायचा.

ज्या घरात चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि लाह्यांचा चिवडा होतो, त्या घरातल्या गृहिणीला यात नवीन शिकण्यासारखे फारसे काही नाही. भाजण्याचा अंदाज आणि गुळाचा हात आपल्याकडे पूर्वीपासून आहेच.

हा पदार्थ आला कुठून?

त्याचे मूळ अमेरिकेतले, आणि तेही एका आरोग्यधामातले. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल या गावी डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन जलोपचाराचे आरोग्यधाम चालवत. १८६३ साली त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या जाड पोळ्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक न्याहारी तयार केली. तिला नाव दिले ‘ग्रॅन्युला’. ती इतकी कडक असे की रात्रभर भिजवल्याशिवाय दाताखाली फुटत नसे. पुढे मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी, ज्यांचे नाव कॉर्नफ्लेक्समुळे सर्वांना माहीत आहे, गहू, ओट आणि मका यांपासून तसाच पदार्थ केला. नावावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी आपल्या पदार्थाचे नाव बदलून ‘ग्रॅनोला’ केले.

त्या काळच्या ग्रॅनोलात गोड जवळपास नव्हतेच. आज आपण ज्याला ग्रॅनोला म्हणतो तो ओट्स, दाणे, तेल आणि मधाचा प्रकार १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या तरुण पिढीने लोकप्रिय केला. १९७० नंतर मोठ्या कंपन्यांनी तो पाकिटात भरला आणि मग चवीसाठी साखर वाढत गेली. रुग्णांसाठी निघालेला पदार्थ अशा रीतीने खाऊच्या रांगेत जाऊन बसला.

पाकीट वाचायला शिका

पाकीट विकत घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. घ्यायचे तर पुढची चित्रे पाहून घेऊ नये, मागची बारीक अक्षरे वाचून घ्यावे. आपल्याकडील नियमानुसार घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे ज्याचे नाव पहिले, तो पदार्थ सर्वांत जास्त. पहिल्या तीन नावांत साखर, गूळ, मध, ग्लुकोज सिरप, खजुराचे सिरप यांपैकी एखादे असेल तर तो खाऊ समजावा. कधी कधी गोडाचे प्रकार तीन-चार नावांनी विखरून लिहिलेले असतात. प्रत्येकाचे प्रमाण थोडे, म्हणून नाव खाली जाते. सगळे मिळून मात्र गोड भरपूर असते.

त्यानंतर १०० ग्रॅममागे साखर किती, हा आकडा पाहावा. समजा तो २२ ग्रॅम आहे. ४० ग्रॅम ग्रॅनोला खाल्ला तर साखर जवळजवळ ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन चहाचे चमचे. चहातली साखर वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या गोडातून १० टक्क्यांपेक्षा कमी यावेत, आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी आले तर अधिक चांगले. २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मध आणि गूळ या हिशेबातून सुटत नाहीत. पोटात गेल्यावर त्यांचीही साखरच होते. गुळात काही क्षार असतात हे खरे, परंतु चमचाभर गुळातून मिळणारे लोह नगण्य असते.

घरचे साहित्य

आमच्या घरी जे प्रमाण वापरतो तेच येथे देतो. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर एकदा ओळखीच्या वाण्याकडून वस्तू मोजून घेऊन आपल्या वाटीचा अंदाज बांधावा.

जाडसर ओट्स ३०० ग्रॅम (साधारण पाच मध्यम वाट्या), ज्वारीच्या लाह्या ५० ग्रॅम, शेंगदाणे ७५ ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, जवस २५ ग्रॅम, भोपळ्याच्या सोललेल्या बिया २५ ग्रॅम, चिरलेला गूळ ६० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल दोन मोठे चमचे (सुमारे ३० ग्रॅम), मनुका किंवा बेदाणे ५० ग्रॅम, वेलची किंवा सुंठीची पूड आणि चिमूटभर मीठ.

ओट्स जाड पाकळीचे घ्यावेत. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स यात पिठूळ होतात आणि ते पचतातही लवकर, त्यामुळे रक्तातील साखर अधिक वेगाने वाढते. मसाला घातलेली ओट्सची पाकिटे तर यासाठी घेऊच नयेत. ओट्स महाग वाटले तर निम्मे ओट्स व निम्मे ज्वारीचे किंवा जाडे पोहे घ्यावेत. ज्वारीच्या लाह्या नागपंचमीलाच आठवतात, पण त्या वर्षभर खाण्यासारख्या आहेत. नसतील तर राजगिऱ्याच्या लाह्या चालतील. बदाम-अक्रोड परवडत असतील तर दाणे थोडे कमी करून घालावेत. न घातल्याने काही बिघडत नाही.

शेंगदाणे मात्र निवडून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे किंवा कडू दाणे टाकून द्यावेत. अशा दाण्यांतील बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि ते भाजण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही.

कृती

१. जाड बुडाच्या कढईत ओट्स मंद आचेवर कोरडेच आठ-दहा मिनिटे भाजावेत. हात चालू ठेवावा. खमंग वास सुटला आणि दाताखाली कुरकुरीत लागले की परातीत काढावेत. कढई लहान असेल तर दोन वेळा करून भाजावेत.

२. शेंगदाणे वेगळे भाजून, सोलून, त्यांचे दोन-चार तुकडे करावेत. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. भोपळ्याच्या बिया फुगेपर्यंत परताव्यात. जवस हलके भाजून त्याची भरड काढावी. अख्खा जवस न चावता गिळला गेला तर तसाच बाहेर पडतो, त्यातले चांगले तेल अंगी लागत नाही.

३. गुळात तीन मोठे चमचे पाणी घालून तो विरघळवावा आणि गाळून घ्यावा. त्यात तेल व मीठ घालून एक उकळी आणावी. चिक्कीसारखा पाक करू नये. पाक झाला तर ग्रॅनोला मोकळा होत नाही, खडे होतात.

४. कढईत ओट्स, दाणे, तीळ व बिया एकत्र करून त्यावर हे गरम गुळाचे पाणी ओतावे आणि उलथन्याने खालीवर करावे. सगळ्याला पुसटसा लेप बसला पाहिजे. आता मंद आचेवर पुन्हा आठ-दहा मिनिटे, ओलसरपणा जाईपर्यंत परतावे. ओव्हन असेल तर दीडशे अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे ठेवावे आणि दर दहा मिनिटांनी हलवावे.

५. गॅस बंद करून जवसाची भरड व वेलचीपूड मिसळावी. परातीत पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. गरम असताना तो मऊच लागतो, गार होताना कुरकुरीत होतो. त्यामुळे अजून कच्चा आहे असे वाटून जास्त भाजू नये. गूळ करपायला क्षणाचा अवकाश असतो.

६. गार झाल्यावर लाह्या आणि मनुका मिसळाव्यात. मनुका भाजताना घातल्या तर त्या फुगून जळतात आणि नंतर दगडासारख्या कडक होतात.

हा ग्रॅनोला सुमारे ६४० ग्रॅम भरतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत दोन ते तीन आठवडे चांगला राहतो. गुळाला हवेतला ओलावा ओढून घेण्याची सवय असल्यामुळे पावसाळ्यात तो लवकर सादळतो. त्या दिवसांत निम्म्या प्रमाणातच करावा. बरणीत ओला चमचा घालू नये. सादळलाच तर मनुका काढून पाच मिनिटे परतून घ्यावा. खवट वास येऊ लागला तर मात्र मोह न धरता टाकून द्यावा. दाणे, तीळ आणि जवस यांतले तेल खराब झाल्याची ती खूण असते.

वाटी केवढी?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एका माणसाला एका वेळी ४० ग्रॅम पुरे. आपल्या मध्यम वाटीने तो पाऊण वाटी होतो. वरील प्रमाणात अशा सोळा वाट्या निघतात. प्रत्येक वाटीत गूळ येतो चार ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी. उष्मांक साधारण १७५, प्रथिने ५ ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ तीन ग्रॅमच्या थोडे वर. सोबत एक कप गाईचे दूध घेतले तर उष्मांक पावणेतीनशेच्या आसपास आणि प्रथिने १० ग्रॅमपर्यंत जातात. सकाळी कामावर किंवा शाळेत जाणाऱ्याला हा आधार पुष्कळ आहे.

याउलट काय होते, त्याचे एक उदाहरण सांगतो. एका निवृत्त शिक्षकांना बरीच वर्षे मधुमेह आहे. पथ्य कडक, चालणे रोजचे. तरी न्याहारीनंतरची साखर एकाएकी वाढू लागली. विचारपूस केल्यावर कळले की त्यांनी पोहे सोडून ‘आरोग्यासाठी’ पाकिटातला ग्रॅनोला सुरू केला होता. मी त्यांना पाकीट आणि रोजचा वाडगा दोन्ही घेऊन यायला सांगितले. वाडगा भरून मोजला तर ग्रॅनोला निघाला ११० ग्रॅम. पाकिटावर १०० ग्रॅमला २२ ग्रॅम साखर छापलेली. म्हणजे दिवस उजाडताच २४ ग्रॅम साखर पोटात, आणि ओट्स-मनुकांचे पिष्ट व गोड त्याखेरीज. गुरुजी म्हणाले, “अहो, मला तर वाटले मी औषधच खातोय!” त्यांचे औषध न बदलता आम्ही फक्त वाडगा आणि पाकीट बदलले. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. गुरुजींसारखी माणसे आता घरोघरी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले.

कोलेस्टेरॉलचे काय?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो. तो आतड्यात चिकट होऊन पित्तातील आम्लांना धरून ठेवतो व बाहेर नेतो. नवीन पित्त तयार करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते, म्हणून ते कमी व्हायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली, पण त्यासाठी रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवे अशी अट होती. त्याला साधारण ७५ ग्रॅम ओट्स लागतात. आपल्या एका वाटीत ओट्स असतात १९ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा ग्रॅनोलाच्या वाटीने कोलेस्टेरॉल उतरेल या भरवशावर कोणी गोळ्या बंद करू नयेत. या वाटीचा खरा फायदा वेगळा आहे. तिच्यामुळे खारी, बिस्किटे आणि फरसाण सकाळच्या ताटातून जातात.

कशाबरोबर खावा?

दूध किंवा घरचे गोड न घातलेले दही सर्वांत चांगले. वर साखर किंवा मध घालू नये, मनुकांची गोडी पुरते. ऋतूप्रमाणे पेरू, पपई, संत्रे, डाळिंब असे एखादे फळ घ्यावे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य आणि तिळातले लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र न्याहारीबरोबर न घेता तासाभराने घ्यावा, कारण चहा हे लोह शोषू देत नाही. रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी व मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

ज्यांना तंतुमय पदार्थांची सवय नाही त्यांनी सुरुवातीला दोन-तीन चमचेच खावा आणि दिवसभर पाणी पुरेसे प्यावे. नाहीतर पोट फुगते आणि दोष ग्रॅनोलाला जातो.

कोणी जपावे?

मधुमेहींनी गूळ व मनुका दोन्ही वगळावेत. त्यांच्यासाठी हाच प्रकार तिखटमिठाचा करावा. तेलात हिंग, हळद, कढीलिंब घालून त्यावर भाजलेले ओट्स, दाणे, तीळ आणि लाह्या परताव्यात व ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर खाव्यात. गूळ नाही म्हणून वाटी मोठी करू नये, ओट्स आणि लाह्या हेही धान्यच आहे. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर न्याहारी बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे किंवा मोठे तुकडे असलेले दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी ग्रॅनोलाची भरड काढून दुधात भिजवून द्यावी. गुळाऐवजी मध वापरला असेल तर एक वर्षाखालील बाळाला तो अजिबात चाटवू नये. शेंगदाणे, तीळ यांची ॲलर्जी असलेल्यांनी ते वगळावेत. गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनी साधे ओट्सही टाळावेत, कारण त्यात बहुधा गव्हाचा अंश मिसळलेला असतो. त्यांनी ज्वारीच्या व राजगिऱ्याच्या लाह्यांवर भर द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना दाणे व बिया किती चालतील, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे. दात नसलेल्या आजी-आजोबांनी कोमट दुधात दहा-पंधरा मिनिटे भिजवून खावा, छान मऊ होतो.

रोज खावा का?

खाल्ला तर अपाय नाही, पण रोज एकच न्याहारी कशाला? दाणे आणि लिंबू घातलेले पोहे, भाज्या घातलेला उपमा, थालीपीठ, भाकरी-दूध, उसळ हे सगळे आपल्या न्याहारीचे पदार्थ उत्तम आहेत आणि ग्रॅनोलापुढे त्यांनी मान खाली घालावी असे काही नाही. त्यांना वेळ लागतो, एवढीच अडचण. ज्या सकाळी वेळ नसतो, त्या सकाळसाठी ही बरणी आहे.

चार माणसांच्या घराला वरील प्रमाण चार दिवस पुरते. रविवारी दुपारी तासाभरात होते. आठवड्यातले चार घाईचे दिवस ग्रॅनोलाचे आणि उरलेले तीन दिवस पोहे-थालीपिठाचे, अशी वाटणी करून पाहावी. भाजायला घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी हात लावला तर बरेच. महिनाभर करून पाहा आणि मुलांनी खाल्ला की नाही, तेही अवश्य कळवा.